मामांची उदबत्ती आणि देवळाची जाळी

माझ्या बायकोच्या मामांइतका वाऱ्यावर पाळत ठेवणारा माणूस उभ्या नाशकात सापडायचा नाही. खिशात उदबत्ती आणि काडेपेटी कायम. कुणाकडेही गेले की चहाच्या आधी उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघणार. सिन्नरला माझ्या साडूच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती, तिथे धूर छताखालीच घुटमळला. मामा म्हणाले, "घर झकास आहे, श्वास तेवढा अंगणात जाऊन घ्या." साडू अजून माझ्याशी धड बोलत नाही. बँकेत तर वॉचमनने त्यांची उदबत्ती सरळ पाण्यात बुडवली.

ही खोड काही जन्मजात नाही. त्याआधी मामांचं वैर होतं कबुतरांशी. पंचवटीतल्या आमच्या जुन्या दगडी देवळाची डागडुजी निघाली, तेव्हा कबुतरं कोरीवकाम घाण करतात म्हणून मंडपाच्या दगडी जाळ्यांना आतून काचा बसवायला यांनीच लावलं. मिस्त्री नको म्हणत होता, पण मामांपुढे कोण बोलणार? कोरीवकाम लखलखीत राहिलं. मात्र ऐन चैत्रात गार असणारा मंडप कीर्तनाला कोंदायला लागला. समयांचा धूर आतच राहायचा. मामींना दम्याचा त्रास. लग्न झाल्यापासून त्या जाळीखालच्याच जागेवर बसायच्या. त्यांनी कीर्तनाला जाणं सोडलं आणि कारण सांगितलं गुडघ्यांचं.

मामांना ते पटेना. एका दुपारी त्यांनी मामींच्या जागेवर बसून उदबत्ती पेटवली. धूर काचेपर्यंत गेला आणि खाली त्यांच्याच तोंडावर आला. आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी देवळाच्या पंचांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काचा मी लावायला लावल्या. चूक माझी. काढा."

काचा निघाल्या. मामी जागेवर परतल्या, कबुतरंही परतली. मग रोज सकाळी खराटा घेऊन मामाच विष्ठा काढायला लागले, तेही कबुतरांना शिव्या घालत. मामी हसायच्या.

गेल्या पावसाळ्यात मामी गेल्या. यंदा पंचांनी पुन्हा काचांचा विषय काढला. "आता दम्याचा त्रास तसा कुणाला..." एवढं बोलून त्यांच्यातला एकजण थांबला. मामींच्या जागेवर बसून मामांनी उदबत्ती पेटवली. धूर सावकाश जाळीतून बाहेर गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले.

"इथे दुसरं कुणीतरी बसेलच की," ते म्हणाले आणि खराटा आणायला उठले.