हळू चालणारं इंजिन

“इंजिनाचा दोष न्हाय, मेस्त्री.”

हे म्हणताना ते आपला तळहात त्या चार बोटं लांबीच्या इंजिनावर ठेवत. ताप आहे का बघायला पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. इंजिन अडलेलं असे, वासही येत असे करपल्याचा, तरी त्यांचं म्हणणं एकच. दोष इंजिनाचा नाही, आपला आहे. ‘आपला’मध्ये ते मलाही धरत, म्हणून सुरुवातीला मला राग यायचा.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. आता घड्याळं दुरुस्तीला फारशी येत नाहीत. सेल बदलायचा, पट्टा लावायचा, एवढंच काम. त्यामुळं एके दिवशी सत्तरी ओलांडलेला एक माणूस काउंटरवर खोकं ठेवून “घड्याळाएवढं बारीक हाय, उघडशीला का?” असं विचारायला लागला, तेव्हा मी हातातलं काम बाजूला सारलं.

खोक्यात रेल्वेचं इंजिन होतं. खेळण्यातलं, पण खेळणं म्हणवणार नाही असं नेटकं. पिवळ्या रंगाचं, बसकं, मागच्या अंगाला केबिन. ते रेल्वेत शंटर होते. म्हणजे लांबच्या गाड्या चालवणारे नव्हेत. यार्डात डबे जोडायचे, सोडवायचे, या रुळावरून त्या रुळावर नेऊन लावायचे, हे काम करणारे. “आम्ही कुठंच गेलो न्हाय,” ते म्हणायचे. “जलमभर तिथल्या तिथंच.”

हे इंजिन त्यांनी कसं निवडलं, तेही ऐकण्यासारखं आहे. पुण्यात अशा छोट्या रेल्वेंचं एक दुकान आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. हे धोतर नेसून, डबा बांधून घेऊन गेले. दुकानदारानं आधी लांबलचक, चकचकीत गाड्या दाखवल्या. एक तर शिट्टीही मारत होती. यांनी प्रत्येक इंजिन रुळावर ठेवायला लावलं आणि म्हणाले, “पावणं, ह्ये जेवढं हळू जातंय तेवढं हळू सोडा.”

दुकानदार बटण फिरवायचा. इंजिन एकतर जागचं हलायचं नाही, नाहीतर एकदम उडी मारून सुटायचं. चार इंजिनं अशी झाली. पाचवं कपाटाच्या तळाशी होतं. दुकानदार म्हणाला, “काका, हे शंटिंगचं आहे. हे कुणी घेत नाही.”

“मग ह्येच द्या,” हे म्हणाले. तेही उडी मारत होतं, पण बाकीच्यांपेक्षा लहान.

ती उडी घालवायची होती. एवढ्यासाठी ते माझ्याकडं आले होते.

तुम्हीही छंदापायी वेडी झालेली माणसं बघितली असतील. कुणी कबुतरं पाळतो, कुणी जुनी नाणी गोळा करतो. मी यांना त्याच रांगेत बसवलं आणि निर्धास्त झालो. दुपारी तीनला यायचे, पाचला जायचे. माझ्या बाकाच्या शेजारी त्यांनी एक फळी ठेवली. तिच्यावर दोन हात लांब रूळ, मध्ये एक सांधा, टोकाला एक डबा. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा.

पहिल्यांदा त्यांनी मला इंजिन उघडूच दिलं नाही. अर्धा तास पुढं, अर्धा तास मागं, असं चार दिवस चालवलं. “नवीन बैल हाय, आधी चालू दे त्येला,” म्हणाले. खरखर कमी झाली, पण उडी राहिली. मग मी ते उघडलं. आत कारखान्यातूनच घट्ट ग्रीस भरलेलं होतं, दाते त्यात रुतत होते. मी सगळं धुऊन काढलं आणि घड्याळाचं तेल घातलं. हात जरा सैल पडला. तेल चाकांपर्यंत ओघळलं आणि इंजिन एका जागी चाकं फिरवत बसलं.

ते माझ्याकडं बघून म्हणाले, “मेस्त्री, इंजिनाचा दोष न्हाय.”

मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही. त्यांनी मात्र मुकाट्यानं चाकं पुसून काढली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी घरून खपली गव्हाची खीर आणली. आमचं भांडण तिथं मिटलं.

मग वजन. इंजिन हलकं असल्यानं रुळाला धरून राहत नव्हतं. गॅरेजवाल्याकडून मोटारीच्या चाकांना लावायचे शिशाचे तुकडे आणले, हातोडीनं पापडासारखे पातळ केले आणि केबिनच्या आत बसवले. ते बरं झालं. पण सांध्यावर आलं की इंजिन बंद पडायचं. रोज, त्याच जागी. बोटानं ढकललं की पुढं निघायचं.

ते सांध्याशी नाक लावून बसले. दोन दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं. सांध्याच्या मधला तुकडा प्लास्टिकचा होता, त्यातून वीज येत नव्हती. लांब इंजिनाची बाकीची चाकं रुळावर असतात, त्यांचं भागतं. हे आखूड, याची वीज दोनच चाकांतून घेतली जात होती. मी घड्याळाच्या जुन्या कमानीच्या पातळ पट्ट्या कापून चारही चाकांना पाठीमागून टेकवल्या. शेजारच्या रेडिओवाल्यानं वीज क्षणभर साठवून धरणारा एक कपॅसिटर केबिनच्या छताखाली बसवून दिला.

त्या दुपारी इंजिन निघालं. निघालं हे कळलं ते फक्त चाकाकडं बघून. मुंगी चालावी तसं सांधा ओलांडून गेलं, आणि पलीकडच्या डब्याच्या अलीकडं, दोन बोटं अंतर ठेवून उभं राहिलं. त्यांनी बटण केसभर फिरवलं. इंजिन पुन्हा हललं आणि डब्याला टेकलं. उडी नाही, धक्का नाही.

मी टाळी वाजवली. त्यांनी इंजिन उचलून चाकं पुसली.

“आता दगडूकडं न्यायला हरकत न्हाय,” ते म्हणाले.

“दगडू कोण?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठल्यातरी लांबच्या यार्डात हे शंटर आणि दगडू सांधेवाला. डबे जोडायला सांधेवाल्याला इंजिन आणि डबा यांच्या मध्ये शिरावं लागतं. इंजिन आधी थांबलं पाहिजे, आणि सांधेवाल्यानं हात केल्याशिवाय पुन्हा हलता कामा नये. त्या सकाळी यांनी इंजिन आणलं, थांबवलं. दगडू मध्ये शिरला. हे दुसऱ्या बाजूला तोंड करून चहावाल्याशी बोलत होते. त्यांना वाटलं, जोडायला अंतर उरलंय. त्यांनी इंजिन जरासं पुढं घेतलं.

दगडूचा उजवा हात मनगटापासून गेला. डोकं आपटून तो चार दिवस बेशुद्ध होता. त्या सकाळचं त्याला काही आठवेना. चौकशी झाली. लिहिलं गेलं, की सांधेवाला गाडी थांबायच्या आधीच मध्ये शिरला.

“आणि तुम्ही?”

“मी सही केली.”

बराच वेळ त्यांनी पुसलेलीच चाकं पुन्हा पुसली. मग म्हणाले, “तीन बारी गेलतो त्येच्याकडं सांगायला. च्या पिऊन आलो. त्वांडातनं शब्द निघंना. मग म्हटलं, दावावं. पर इंजिन उडी मारत असलं, तर त्यो म्हणणार, इंजिनच तसलं असंल. तसलं न्हवतं, मेस्त्री. इंजिन चांगलं हुतं.”

इतके दिवस ते एकच वाक्य का म्हणत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

दगडूचं गाव मलकापूरच्या पुढं, रत्नागिरी रस्त्याला. आम्ही दोघं एसटीनं गेलो. फळी माझ्याकडं, खोकं त्यांच्या मांडीवर. दगडू थकला होता, पण ताठ होता. डाव्या हातानंच त्यानं घोंगडं अंथरलं, सुनेला चहा सांगितला आणि खोक्याकडं बघून म्हणाला, “नातवंडांस्नी काय आणलंस?”

यांनी खोकं उघडलं. सोप्यात जमिनीवर रूळ मांडले. इंजिन आलं, दोन बोटांवर थांबलं.

“हितं थांबलं हुतं,” हे म्हणाले. “तू मधी आलास. बरोबर आलास.” मग बटण फिरवलं. “आन् ह्ये मी केलं. तुझ्याकडं न बघता.”

इंजिन डब्याला टेकलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला, तेवढाच.

दगडूनं वाकून इंजिन आणि डबा यांच्या मध्ये बघितलं. मला वाटलं, रागावेल, ओरडेल. तो हळू बोलला.

“माझी मालकीण मरस्तवर म्हणत हुती, तुम्हास्नी घाई लई, घाईनं हात घालीवला. मी बी तसंच म्हणत आलो. पोरांस्नी बी तेच सांगत आलो, घाई करू नगासा, माझ्याकडं बघा.” मग त्यानं चहाच्या कपबश्या आमच्यापासून बाजूला सरकवल्या. “जावा तुम्ही.”

आम्ही रूळ गोळा केले. परतीच्या एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. आंबा गाव मागं पडलं, मलकापूर गेलं, त्यांनी मान वळवली नाही. कोल्हापूर आल्यावर एवढंच म्हणाले, “त्येचं बरोबर हाय.”

दुकानात यायचे बंद झाले. मी एकदा त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, “जेवत्यात, झोपत्यात. बोलत न्हाईत.”

तीन आठवड्यांनी दगडू माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. सोबत चाळिशीचा मुलगा, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा. “त्येला बोलवा,” दगडू म्हणाला. मी फोन केला. पायांत चप्पल न घालताच ते आले.

“ह्येला दाव,” दगडू मुलाकडं बोट करून म्हणाला. “मला दावलंस तसं.”

फळी पुन्हा मांडली. इंजिन थांबलं, हललं, टेकलं. मुलानं सगळं बघून घेतलं आणि विचारलं, “मग तवा का बोलला न्हाईसा?”

मला वाटलं, ते काहीतरी कारण सांगतील. नोकरी, लहान मुलं, साहेब लोक. कारणं त्यांच्याकडं होती.

“भ्यालो,” ते म्हणाले.

दगडूनं डाव्या हातानं स्टूल ओढलं, बसला आणि म्हणाला, “लिवून दे.”

त्यांनी लिहून दिलं. एक अर्ज, रेल्वेच्या कचेरीला. काकू घाबरल्या. “ह्या वयात चौकशी लागली तर?” असं त्यांनी मलाही विचारलं, मी समजवावं म्हणून. मी समजावलं नाही. अर्ज रजिस्टर टपालानं गेला. त्याची एक नक्कल दगडूनं मागून घेतली. चार महिन्यांनी कचेरीचं उत्तर आलं, की इतके जुने कागद आता उपलब्ध नाहीत, सबब पुढील कार्यवाही करता येत नाही. ते पत्र घेऊन ते दुकानात आले आणि त्याची घडी पुन्हा पुन्हा घालत-उलगडत बसले. सुटले म्हणून, की सुटू दिलं नाही म्हणून, मी विचारलं नाही.

त्यानंतर दगडू औषधासाठी कोल्हापूरला आला की दुकानात यायचा. दोघांची फार दोस्ती झाली असं मी सांगणार नाही. हवापाणी, गुडघे, उसाची तोड, एवढंच बोलायचे. पण कधी कधी दगडू फळीकडं बघून डावा हात वर करायचा, आणि हे इंजिन सोडायचे. हात खाली आला की थांबवायचे. त्या वेळी त्यांची नजर इंजिनावर नसायची. दगडूच्या हातावर असायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले. झोपेतच. दगडूला फोन लागेना, म्हणून तिसऱ्या दिवशी मीच एसटीनं निघालो.

तो सोप्यात एकटाच बसला होता. मी सांगितलं. त्यानं मान हलवली, पाणी दिलं. मग भिंतीकडं बोट केलं. देवांच्या तसबिरींच्या शेजारी, बायकोच्या फोटोखाली, त्या अर्जाची नक्कल लावलेली होती. मुलानं प्लास्टिकच्या कागदात बंद करून आणली होती.

“मला वाचाय येत न्हाय,” दगडू म्हणाला. “येईल त्येच्याकडनं वाचून घेतो. वाचा की.”

मी उभा राहून वाचलं. तिरकं, शाळकरी अक्षर होतं. इंजिन थांबले होते. सांधेवाला नियमाप्रमाणे मध्ये गेला. इशारा नसताना इंजिन मी हलविले. चूक माझी होती, सांधेवाल्याची नव्हती. मी हे पूर्ण शुद्धीत लिहून देत आहे.

मी थांबलो.

“खाली नाव हाय,” दगडू म्हणाला. “ते बी वाचा.”

मी नाव वाचलं.