शंभर दानांत एकवीस आठ

मार्च २००६ मधला एक शनिवार. दानं शंभर. हजर आम्ही तिघं: शेजारच्या बाई, माझी बायको आणि मांडीवर वही घेऊन रेघा ओढणारा मी. बाईंच्या फोनवरच्या खेळात शंभर वेळा दान टाकून झालं आणि मी बेरीज सांगितली, "आठ एकवीस वेळा पडलं. कुठेतरी चूक आहे."

"मोडलं का?" बाईंच्या आवाजात चक्क आनंद होता. "मोडू दे, भाऊजी. मोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, नवा मिक्सर आणला की आधी पेचकस शोधणारं.

फ्रीमाँटला आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. नागपूरला त्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होत्या. लग्नानंतर इथे आल्या, पण त्यांच्या व्हिसावर नोकरीला मनाई, म्हणून सहा वर्षं घरी. २००६ च्या जानेवारीत कामाचा परवाना आला, तोवर शिकलेलं सगळं जुनं झालेलं. तीन कंपन्यांनी एकच प्रश्न विचारला: मधली सहा वर्षं काय केलंत? तिसऱ्या ठिकाणी वैतागून त्यांनी सांगितलं, "पोळ्या." तिथूनही नकार आला.

मग त्यांनी फोनवरचे प्रोग्रॅम शिकायचं ठरवलं. क्लास लावला नाही. नेटवरून सोंगट्यांचा एक खेळ उतरवून घेतला. तो लिहिणाऱ्यानं सगळा कोड उघडा ठेवला होता: कुणीही वाचा, बदला, फक्त बदललेलंही असंच उघडं ठेवा. बाईंनी त्याच्या दोन प्रती केल्या. एका फोल्डरचं नाव सोवळं, दुसऱ्याचं ओवळं. सोवळ्याला हात लावायचा नाही. ओवळ्यातली रोज एक ओळ पुसायची, खेळ चालवायचा आणि काय बिघडलं ते वहीत लिहायचं.

"ताई, आज सोंगटी पटाबाहेर निघून गेली!" त्या कुंपणावरून माझ्या बायकोला सांगत. "उद्या परत आणते."

"लोक कोड लिहून शिकतात यार," नवरा म्हणे. "तू पुसून शिकतेस."

"स्वयंपाक कशी शिकले? मीठ विसरले तेव्हाच कळलं ना, मीठ कशाला लागतं ते!"

वही भरली तेव्हा त्यांनी त्याच कोडवर आपला चल्लसआठ बसवायला घेतला, चार कवड्यांचा. चौसष्ट केबीहून मोठा खेळ त्यांच्या फोनवर उघडत नसे. त्यांनी तो त्रेसष्टात बसवला. आम्हाला खेळायला बोलावलं. आमच्या लहानपणी आठ पडलं की घरात आरडाओरडा व्हायचा. इथे बायकोला ओळीनं तीनदा आठ पडलं आणि ती हसलीसुद्धा नाही. म्हणून मी मोजायला बसलो.

चूक सापडली ती अशी. मूळ खेळात फासा होता, आणि फाशाच्या प्रत्येक बाजूला सारखी संधी. बाईंनी त्याच हिशेबात एक, दोन, तीन, चार आणि आठ बसवले होते. कवड्या तशा पडत नाहीत. आठ पडायला चारी पालथ्या पडाव्या लागतात, आणि तसं क्वचितच होतं. बायकोनं डब्यातल्या खऱ्या कवड्या काढल्या, आम्ही शंभरदा टाकल्या. आठ पडलं सात वेळा.

मी टक्केवारी मांडून दिली. "हे आकडे भरा."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "टक्केवारी नको. प्रोग्रॅममध्ये चार कवड्याच टाकते. उताणं पडायचं की पालथं, ते प्रत्येकीनं आपलं आपण ठरवावं."

नऊ ओळींचं काम. मीच मोजल्या. पुन्हा शंभर दानं टाकली, आठ पडलं सहा वेळा. त्या नऊ ओळी त्यांनी मूळ खेळाच्या कर्त्याला पाठवल्या. त्यानं बाईंच्या नावासकट त्या ठेवून घेतल्या.

मे महिन्यात सनीवेलच्या एका कंपनीत मुलाखत होती. पुन्हा तोच प्रश्न, मधली सहा वर्षं. बाईंनी फोन टेबलावर ठेवला. "खेळून बघा."

संध्याकाळी त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या, पायात बूट तसेच.

"तो हरला, ताई! दोनदा! मग म्हणाला, आठ इतकं कमी का पडतं? मी आधी माझी चूकच सांगितली. म्हणाला, सापडली कशी? म्हटलं, शेजारी एक अकाउंटंट राहतात."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग वही मागितली. मराठी वही! पाऊण तास मी वाचून दाखवली. कुठली ओळ काढली की काय मोडतं, सगळं. शेवटी म्हणाला, सोमवारी या."

"आणखी एका मुलाखतीला?"

"कामाला!"

२००८ मध्ये ते कुटुंब रेडमंडला गेलं. भिंतीपलीकडे आता दुसरे लोक आहेत, चांगले आहेत. मला मात्र तो पहिला सोमवार आठवतो. त्यांच्या घरी गाडी एकच, आणि सहा वर्षं ती नवरा नेत होता. सव्वासातला गॅरेजचं दार वर गेलं, गाडी उलटी बाहेर आली, आणि चालवत होत्या बाई. नवरा डबा घेऊन फुटपाथवर उभा.

"दादा, बस कितीला असते हो?" त्यानं मला विचारलं.

बाईंनी काच खाली केली. "सात चाळीसला. आणि सुट्टे घेऊन चढ, ड्रायव्हर मोड देत नाही. सहा वर्षं मी तीच पकडत होते."

आणि त्या डावीकडे, फ्रीवेच्या रस्त्याला वळल्या.