इंद्रभान सरांचा भाड्याचा समुद्र

इंद्रभान सरांनी वीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ काढले. मग मुंबईला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आमच्या शेजारच्या सोयाबीनच्या गोदामावर पाटी लागली : 'व्हर्च्युअल प्रॉडक्शन अकॅडमी, उंद्री'.

सर शिकवत, "मागं एलईडी भिंत. तिच्यावर पाहिजे ती जागा लावा. हिमालय पाहिजे? हा घ्या हिमालय. गावाबाहेर पाय टाकाचं कामच नाही!"

आता, कॅमेरा सरकला की भिंतीवरचं चित्रही त्याच्या मापानं सरकावं लागतं. ते सरकवणारं यंत्र सरांकडे नव्हतं. जीवन नावाचा विद्यार्थी माउस धरून अंदाजानं सरकवायचा. त्यामुळे अकॅडमीच्या हिमालयाला कायम भूकंपाचे हादरे.

भिंत एकच, चौकोन जोडून उभी केलेली, आणि लग्नातही तीच भाड्यानं जायची. म्हणून वेळापत्रक पंचांगावर चाले. तुळशीच्या लग्नापर्यंत शिक्षण जोरात. पुढं तिथी असली की सुट्टी.

डिंपल आमच्या गल्लीतली, अकॅडमीत शिकणारी. पुण्याच्या फिल्म शाळेत प्रवेशासाठी तिला पाच मिनिटांची फिल्म पाठवायची होती; शूटिंग ठरलं त्याच दिवशी संध्याकाळी मुदत संपत होती. गोष्ट साधी : जन्मात समुद्र न पाहिलेली बाई समुद्रापुढे उभी राहते. बाई म्हणून शेजारच्या आशाबाई. मी चहा घेऊन गेले तेव्हा भिंतीवर लाटा आणि आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी.

"मावशी, इकडं पाहा! हसा थोडं!" सर ओरडले.

"सर, गोष्टीत तिले रडाचं आहे," डिंपल म्हणाली.

"रडणं कोण पाहते वं? वरून पाकळ्या सोडू का?"

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न. डोणगावच्या लग्नाला आजची तारीख देऊन सर साफ विसरले होते.

"अर्धा तास द्या ना सर. शेवटचा शॉट राह्यला."

"लग्न थांबते का तुह्यासाठी? तू दुसरा समुद्र पाह्य."

हमालांनी घाईत वीज बंद न करताच भिंतीचे चौकोन सोडवायला घेतले. डिंपलनं कॅमेरा चालूच ठेवला. आशाबाईंना कुणी 'थांबा' म्हटलं नव्हतं, त्या उभ्याच. आधी आभाळ गेलं, मग लाटा, एकेक चौकोन काळा होत. दोघं जण समुद्राचा तुकडा उचलून त्यांच्या पुढून निघाले. आशाबाई मागोमाग दोन पावलं गेल्या.

"अरे, राहू द्या ना थोडासा," त्या म्हणाल्या.

डिंपलनं फिल्म तिथंच संपवली.

सायंकाळी डोणगावला निघण्याआधी सरांनी ती मोबाइलवर पाहिली. "पाहा! माह्या शिकवण्याशिवाय सुचलं असतं का हे? शेवटी माह्यं नाव टाक."

"टाकलं ना सर."

शेवटी अक्षरं आली : 'समुद्र नेला – इंद्रभान सर'.

सरांनी दोनदा वाचलं. गंभीर झाले. "नावाआधी 'प्रा.' राह्यलं."

डिंपलनं ते घातलं आणि फिल्म पुण्याला पाठवून दिली.