सासूचा जनरेटर
"गिटारीचं दूध निघतं का गं?" केनुआ लेकीला विचारत होती.
"नाही निघत. पण ती चाराही मागत नाही," तेहित म्हणाली.
"अगं, मुलाकडे उंट असावा. गेला बाजार दोन शेळ्या तरी! ह्याच्याकडे काय, तर लाकडाचा डबा आणि सहा तारा."
"आई, हळू बोल. बाहेरच बसलाय तो."
"म्हणून तर मोठ्यानं बोलतेय."
कातड्याच्या तंबूतलं भांडण म्हणजे सगळ्या वस्तीचं भांडण. शेजारच्या बायांनी हातातली कामं ठेवून ते ऐकलं. तेहितनं मात्र नाही ऐकलं. तिनं त्या गिटारवाल्या बिस्काशीच लग्न केलं, आणि त्या दिवसापासून सासू-जावई एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. राग म्हणून नव्हे, रीतच ती. सासूसमोर जावयानं नाकातोंडावर गुंडाळलेला फेटा खाली घ्यायचा नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. मग प्रेमाची गाणी गायची गोष्टच सोडा. आणि बिस्काला तर दुसरी गाणी येतच नव्हती.
त्यात गंमत अशी की अख्ख्या वस्तीत जनरेटर एकच, आणि तो केनुआचा. नवरा खाणीतून घेऊन आला होता. नवरा गेला, जनरेटर राहिला. ती त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. खटक्याच्या खाचेत खिळा अडकवायचा, दोन लाथा, एक शिवी, की तो सुरू. तो सुरू झाल्याशिवाय बिस्काच्या विजेवरच्या गिटारीला कंठ फुटायचा नाही. म्हणून लग्न असो, बारसं असो, केनुआ गाढवावर जनरेटर घालून यायची, सुरू करून द्यायची आणि टेकाडामागे जाऊन बसायची. दिसली नाही, म्हणजे नाहीच. तिचा पाय तिथे ताल धरायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलं तर म्हणायची, "मुंग्या आल्या होत्या पायाला."
बिस्काच्या बँडमध्ये दोन चुलतभाऊ आणि टाळ्या वाजवून हाळी देणाऱ्या तिघी बाया. एका लग्नातून दुसऱ्या लग्नाचं बोलावणं यायचं. मग त्यांच्या कॅसेटी ट्रकवाल्यांनी उचलल्या, आणि वाळवंटातल्या इन सालाह, जानेत या गावांचे दौरे सुरू झाले. गाढवाच्या जागी गाडी आली. पुढच्या सीटवर सासू थाटात, मागे जनरेटरशेजारी जावई धुळीत.
"तेहित, सांग त्याला, मागच्या गावाला फार लांबवलंस म्हणावं. पेट्रोल काय आभाळातून पडतं?"
हातभर अंतरावरून बिस्का म्हणायचा, "सांग तिला, लोक सोडत नव्हते."
पुढे तामनरासेत शहरात मोठा जलसा ठरला. अल्जीयर्सहून झोहेर नावाचा माणूस आला होता. एकच बँड निवडून वर्षभर समुद्रापलीकडे फिरवणार होता. बिस्काच्या आधी दोन बँड वाजवून गेले, आणि याची पाळी आली तेव्हा नेमकी वीज गेली. धावाधाव करून केनुआचा जनरेटर आणला. पण तोही आता म्हातारा. खिळ्यावर बोट दाबून कुणी बसलं नाही, तर मरायचा. आणि वायर तोकडी. त्यामुळे केनुआ बसली ती थेट मंचासमोर, जावयाच्या नाकासमोर.
गिटार वाजली. पण बिस्काचा आवाज काही फुटेना. फेट्यातून त्याचे नुसते डोळे दिसत होते, तेही घाबरलेले. लोक शिट्ट्या मारू लागले. झोहेर घड्याळ बघू लागला. केनुआ उठावी तर जनरेटर बंद, बसावी तर जावई बंद.
"तेहित, सांग त्याला, मी इथे नाहीये."
मंचाच्या कडेला वाकून बिस्का कुजबुजला, "सांग तिला, ती इथे नाहीये हे मला स्पष्ट दिसतंय."
केनुआनं ओढणी डोक्यावरून खाली ओढली. तरी नाही. मग मात्र ती कडाडली, "सांग त्याला, पाठ फिरव म्हणावं! लोकांना आवाज हवाय, नाक नकोय त्याचं!"
बिस्का फिरला. लोकांकडे पाठ, डोंगराकडे तोंड. माइकही फिरवला. तोंडावरचा फेटा खाली केला आणि असा गायला, की शिट्ट्या मारणारे तोंडात बोटं तशीच ठेवून ऐकत राहिले. काय चाललंय ते न कळून चुलतभाऊही फिरले. झोहेर तर वेडाच झाला. "डोंगराला गाणं ऐकवतात! असला थाट कुठे पाहिला नाही!" त्यानं तिथेच होकार दिला. कुणी त्याला खरं सांगितलं नाही. तेव्हापासून परक्या मुलखात लोक ओरडून मागणी करतात म्हणे, एक तरी गाणं पाठ फिरवून होऊ द्या.
बँडकडे आता मोठाले ट्रक आहेत. पण गावच्या समारंभाला जनरेटर केनुआचाच. गेल्या हिवाळ्यात, केनुआ वारायच्या चार दिवस आधी, शेजारच्या घरी बारसं होतं. बिस्का दौऱ्याहून नुकताच परतला होता. केनुआनं फडक्यातून गाळून पेट्रोल भरलं, खिळा अडकवला, दोन लाथा, एक शिवी.
"तेहित, सांग त्याला, तीन तासांचं आहे. त्यात आटप म्हणावं."
मग हात वाळूत घासून पुसले आणि ती टेकाडाकडे निघाली.