कुंकवाचं बोट आणि इराची पहिली मॅच

शनिवार, १२ एप्रिल, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. टेक्सासमधल्या एका पिस्तूल रेंजच्या पार्किंगमध्ये माझी चौदा वर्षांची नात इरा पहिल्याच मॅचमधून बाद झाली. कारण मी. तरीही अन्याय झालाच.

अर्विंगहून साडेसातला निघालो. जावई, समीर, ड्राइव्ह करत होता. जाणाऱ्यांसाठी सांगते: पाऊण तास हायवे, मग नुसता धुरळा. प्रेक्षकांना तिकीट नाही, पण कानांवर आवाज अडवणारे मफ आणि डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. खायला एका ट्रकवरचे टाको. मी दशम्या नेल्या होत्या.

इराची सहा महिने तयारी चालली होती. धावायचं, वळायचं, पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर नेम धरायचा. नळी कायम मातीच्या बांधाकडे, धावताना बोट ट्रिगरपासून लांब. चुकलात की घरी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स इथल्या पंचांपुढे मवाळ.

दसऱ्याला आपण शस्त्रं पुजतो, मग पहिल्या मॅचला का नाही? समीर नाव नोंदवायला गेला, तशी मी पर्समधून कुंकवाची डबी काढली.

"इरा, पिस्तूल काढ गं जरा."

"आजी, इथे नाही काढायचं."

"रिकामंच आहे ना? दोन सेकंद!"

तिनं ते बॅगेतून काढलं, नळी जमिनीकडे धरून. मी बोट टेकवलं. पिस्तूल परत आत गेलं आणि पोरीचा चेहरा पडला.

"आय हॅव टू टेल देम."

"कुणाला? इथे चिटपाखरू नाही!"

ती सरळ पांढऱ्या मिशांच्या पंचाकडे गेली. पंचाच्या हुकमाशिवाय पिस्तूल फक्त त्यासाठीच ठेवलेल्या सेफ्टी टेबलापाशी काढायचं, असा नियम. त्यानं वाकून विचारलं, काढायला कुणी सांगितलं?

"नोबडी. माय हँड्स."

"खोटं! मी सांगितलं!" मी इंग्रजीत कडाडले. "मला बाद करा!"

"मॅम," तो टोपी काढून म्हणाला, "तुम्ही स्पर्धेत नाही आहात."

इरा दिवसभर थांबली. इतरांच्या लक्ष्यांवरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावत राहिली. दशमीला हात लावला नाही.

परतताना समीर म्हणाला, "आई, प्लीज, आयोजकांना लेटर नका लिहू."

मागच्या सीटवरून इरा म्हणाली, "मला परत घ्यावं असं लिहिलंस ना आजी, तर मी शूटिंग सोडीन."

म्हणून तसं लिहिलेलं नाही. आमच्या शाळेत कबूल करणारीला निम्म्याच छड्या मिळत, इथे शिक्षा पूर्ण, तेही गिळलं. पण रेंजच्या गेटवरच्या पाटीवर कुत्री आणि बिअर यांना मनाई आहे, आज्यांबद्दल अक्षर नाही. ही चूक कुणाची?

आयोजकांना एकच प्रश्न आहे. पार्किंगमध्ये कानांच्या मफला कुंकू लावलं तर चालतं का? पुढची मॅच ३ मेला आहे. लेखी उत्तर शुक्रवार, २ मे, संध्याकाळी पाचच्या आत हवं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे इरानं मला बजावलंय. उत्तर आलं नाही, तर डबी घरी राहील.