पुडीवाल्याचा ताबा

नोकरीत कितीतरी पंचनामे केले. त्यातले बहुतेक विसरलो, पण भाजीबाजारामागच्या त्या घराचे प्रकरण काही विसरता आले नाही. निवृत्त होऊन धामणगावला येऊन बसलो, तरी कोणाचा सुजलेला चेहरा दिसला की ते घर डोळ्यांपुढे येते. त्यातली माणसे हयात आहेत, म्हणून नावे देत नाही.

तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी संपवून खुर्चीत बसलो होतो. एवढ्यात एक बाई आत आल्या. वय साठीच्या पुढचे, हातात कापडी पिशवी. अमरावतीला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या.

"साहेब, माह्या बापाच्या घराले दुसऱ्याचं कुलूप हाय."

हवालदाराने सवयीने सांगितले, "बाई, ही दिवाणी बाब हाय. कोर्टात जा."

"मले कायदा शिकवू नका. कोर्टात मी जाईनच. पण कोर्टाची तारीख लागेपर्यंत माहा भाऊ जगला पाहिजे ना!"

मी त्यांना बसायला सांगितले. हकीकत अशी होती. घर बाई आणि त्यांचे थोरले बंधू या दोघांच्या नावाचे. भाऊ फुलांची शेती करणारे, झेंडू-शेवंती अकोल्याच्या बाजारात नेणारे. पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. वर्षभरापूर्वी परजिल्ह्यातला एक माणूस गुडघेदुखीवर पुडी देत गावात आला. भाऊंना गुण वाटला, म्हणून त्यांनी त्याला समोरची एक खोली वापरायला दिली. एका खोलीच्या चार झाल्या. बायको आली, दोन चेले आले, दारावर 'उपचार केंद्र' असा फलक लागला. बाई राखीला आल्या तेव्हा त्यांच्याच खोलीला कुलूप होते आणि स्वयंपाकघरात परकी भांडी होती.

"आणि भाऊ?"

"भाऊ मागच्या टिनाच्या खोलीत झोपते, जिथं फुलाचे टोपले ठेवत होतो तिथं. त्याले साखर हाय, साहेब. कित्येक वर्षं इन्सुलिन घेत होता. या माणसानं ते बंद केलं. बोटाले जखम हाय, ते काळं पडून राहिलं. मी बोलली तर मलेच म्हणते, तुले घराचा वाटा पाह्यजे म्हणून तू आली."



त्या माणसाला गावात सगळे 'वैद्यजी' म्हणत. मी म्हणणार नाही. पदवी घेऊन, नोंदणी करून काम करणारे वैद्य मी पाहिले आहेत. त्यांच्या रांगेत याला बसवणे बरे नव्हे. आम्ही ठाण्यात त्याला पुडीवाला म्हणत असू.

दुपारी मी त्या घरी गेलो. ओसरीवर पंधरा-वीस रुग्ण बसलेले. बहुतेक बाया, निंदणीने आणि वजन वाहून गुडघे झिजलेल्या. भाऊ एका कोपऱ्यात. चेहरा वाटोळा फुगलेला, हात-पाय मात्र काडीसारखे. पायाच्या बोटाला फडके गुंडाळलेले, त्यावर माशा. पुडीवाला गोड बोलणारा, पांढरा सदरा घातलेला. मला पाहून त्याने खुर्ची मागवली. घरमालकाच्या देखत तो घरमालकासारखा वागत होता.

मी भाऊंना विचारले, "ही मंडळी तुमच्या मर्जीने राहतात का?"

"म्याच ठेवलं त्याइले. माह्या घरात म्या कोणाले ठेवन, तुमाले काय करायचं हाय? दोन वर्षं म्या वावरात जाऊ शकलो नोतो. पुडी घेतली अन् चालून राहिलो. डॉक्टर लोकाइनं काय केलं? सुया टोचल्या!"

परवानगी देणारा समोर बसून परवानगी दिली म्हणत असेल, तर पोलिसाने काय करावे? मी उठलो. फसलेल्या माणसाला 'तू फसलास' असे म्हटले की तो फसवणाऱ्याच्या आणखी जवळ सरकतो, हे मला तोवर कळून चुकले होते. मात्र उठतानाच मनाशी ठरवले की या घराचा नाद सोडायचा नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटलो. ते म्हणाले, "नोंदणी नसेल तर गुन्हा दाखल करू. पण उपचार करताना तो सापडला पाहिजे आणि औषध हाती लागले पाहिजे." अडचण तिथेच होती. हा माणूस पुडी कोणाच्या हातात देत नसे. स्वतः जिभेवर टाकायचा, वर पाणी पाजायचा. पुडीचा कागदही तोच ठेवून घ्यायचा.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगेना. "ठाणेदार साहेबच पाह्यजेत," एवढेच म्हणत राहिली. मी फोन घेतला.

"साहेब, त्या पुडीत जडीबुटी नाही. तो अकोल्याहून गोळ्या आणते, मिक्सरात कुटते, त्यात काव, म्हंजे लाल माती, मिसळवते. त्या भाऊचं काही बरंवाईट झालं तर पाप लागन. लवकर करा काहीतरी."

फोन बंद. मी स्टेशन डायरीत नोंद केली. निनावी माहितीवर विसंबून कोणाच्या घरात घुसता येत नाही, ती आधी पडताळावी लागते. त्यासाठी बनावट रुग्ण पाठवायचे ठरले. आमच्या एका हवालदाराचे गुडघे खरोखरच दुखत. नाटक करायची गरज नव्हती. धोतर नेसवून त्याला पाठवला. पुडीवाल्याने त्याची नाडी पाहिली, गुडघा दाबला, जिभेवर पुडी टाकली. हवालदाराने ती गालात धरली, पाणी प्यायल्यासारखे केले आणि बाहेर येऊन रुमालात थुंकली.

"साहेब, थुकलो खरा," तो मला म्हणाला, "पण मन होत नोतं. त्यानं असा हात फिरवला गुडघ्यावरून, अर्धं दुखणं तिथंच गेल्यावानी वाटलं."

आम्ही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य अधिकारी, औषध निरीक्षक, दोन पंच आणि आम्ही, असे एकत्र गेलो. मिक्सरच्या भांड्याला लाल काव चिकटलेली होती. पिठाच्या कोठीत, पिठाच्या खाली, वेदनाशामक आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांची पाकिटे निघाली. शेकड्यांनी रिकामी पाकिटे पोत्यात भरलेली. नमुने काढले, लाखेने सील केले, पंचनाम्यावर सह्या झाल्या. पुडीवाल्याला ताब्यात घेतले.

प्रकरण इथे संपायला हवे होते, पण खरी परीक्षा इथूनच सुरू झाली.

भाऊ काठी टेकत आमच्यामागे ठाण्यात आले आणि पायरीवर बसले. "त्याइले सोडा, नाईतर म्या इथून उठत नाई." बहिणीने हात धरला तर झिडकारला. आरोग्य अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, "यांना आजच दवाखान्यात न्या. चेहऱ्याची ही सूज स्टेरॉइडची आहे. ते इतके दिवस घेऊन एकदम थांबले तर रक्तदाब कोसळतो. शिवाय साखर किती वर गेली असेल, देव जाणे." भाऊ ऐकेनात. ऊन चढले, तसे त्यांना ओकारी झाली आणि ते पायरीवरच कलंडले. आमच्याच गाडीत घालून त्यांना अकोल्याला सरकारी रुग्णालयात हलवले. बाई सोबत गेल्या.

तासाभरात तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. "नेमक्या कोणत्या गोळ्या, रोज किती आणि किती दिवसांपासून? अंदाजाने आम्ही उपचार सुरू केले आहेत, पण तीन प्रकारची पाकिटे सापडली म्हणता. यांच्या पुडीत काय होते ते कळले तर बरे." प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि भाऊंजवळ तो वेळ नव्हता. उत्तर एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

"सगळी वनस्पती हाय साहेब. हिमालयातली," तो म्हणे. पाकिटे दाखवली तर म्हणे, "ती माझी नाहीत." त्याला वाटले, मी कबुलीसाठी धडपडतो आहे. पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे त्यालाही ठाऊक असावे. मला कबुली नकोच होती. एका माणसाच्या पोटात काय गेले, तेवढे हवे होते. मी आवाज चढवला नाही. हातही उचलला नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिलो.

जेवणाची वेळ झाली. त्याच्यासमोर डबा आला. तो डब्याकडे पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, "साहेब, घरून माझी गोळी आणून देता का? जेवणाआधी घ्यावी लागते."

"कशाची गोळी?"

तो घुटमळला. "साखरेची."

खोलीत आम्ही तिघेचौघे होतो.  माझा हवालदार तेवढा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी स्वतः भाऊंच्या घरी गेलो. पुडीवाल्याची बायको दाराशी आली. गोळीचे पाकीट माझ्या हाती देताना तिने विचारले, "भाऊ कसे हायेत, साहेब?" फोनवरचा आवाज! मी ओळखला, हे तिलाही कळले. तिची मान खाली गेली. मी एवढेच म्हणालो, "जिवंत आहेत. तुम्ही बोलल्यामुळे." तो फोन तिचा होता, हे मी तपासभर कागदावर येऊ दिले नाही.

परत येऊन गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. "घे. हा तुझा हक्क आहे, तो मी अडवणार नाही. ही गोळी तुला कोणी लिहून दिली?"

"अकोल्याच्या डॉक्टरनं."

"पुडी का नाही घेतलीस?"

 त्याने गोळी घेतली.

"तू तुझी गोळी घेतलीस. तिकडे भाऊला साखरेचेच औषध तू सोडायला लावलेस. आता तो मेला, तर कलम बदलेल. पण कलमाचे सोड. वर्षभर तू त्याच्या ताटात जेवलास. त्याच्या पुडीत काय होते, तेवढे सांग. डॉक्टरांना फोन लावला आहे. मला सांगू नकोस, त्यांना सांग."

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने फोन कानाला लावला. मग बोलला. गोळीचे नाव, सकाळी किती, संध्याकाळी किती, केव्हापासून. पलीकडून डॉक्टर विचारत गेले, हा सांगत गेला. सांगताना त्याचा गोड आवाज पार गेला होता. त्या आवाजात मला पहिल्यांदा खरे बोलणे ऐकू आले.

भाऊ वाचले. पायाचे एक बोट मात्र काढावे लागले. पुडीवाल्याच्या साखरेच्या गोळीची हकीकत मी त्यांना रुग्णालयात सांगितली, तेव्हापासून त्याला सोडा असे ते म्हणाले नाहीत.

पुडीवाल्याला पुढे जामीन मिळाला. तालुक्यात पाय ठेवायचा नाही, ही अट पडली. त्याची बायको जबाब देऊन माहेरी निघून गेली. घरात उरले दोन चेले, आणि ते पक्के होते. "आमचा ताबा हाय. काढायचं तर कोर्टातून काढा," म्हणाले. मालिशच्या नावाखाली ओसरीवर पुन्हा माणसे जमू लागली. गावातली दहा-वीस पोरे माझ्याकडे आली, "साहेब, तुमी फक्त तिकडं पाहू नका, आमी सामान फेकून देतो." मी त्यांना परत पाठवले आणि त्या गल्लीत शिपाई नेमला. बाई माझ्यावर चिडल्या.

"चोराच्या घरावर पहारा देता?"

"बाई, आज सामान फेकले तर उद्या तेच फिर्यादी होतील. तुम्ही दावा लावलाच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भाऊ त्या घराचे मालक आहेत आणि तिथे राहतात. त्यांना स्वतःच्या घरात जाऊन बसायला कोणाचा हुकूम लागत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आले.

रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर भाऊ बहिणीबरोबर घरी आले. मागच्या खोलीत गेलेच नाहीत. ओसरीवर, अगदी दारात, खाट टाकून बसले. पाय पुढे पसरलेला. पहिली रुग्ण बाई आली तशी त्यांनी पट्टी सोडली.

"पाय पाह्य माय. हे पुडीचं काम हाय. माहे गुडघे खरंच दुखत नोते, खोटं सांगत नाई. पण अंदरून म्या सडून राहिलो होतो. ज्यानं पुडी देल्ली तो सोता डॉक्टरची गोळी खाते. जाय, दवाखान्यात जाय."

रोज सकाळी हेच. चेले ओरडले, विनवण्या केल्या. भाऊ जागचे हलले नाहीत. शिपाई गल्लीत उभा होता, त्यामुळे त्यांच्या अंगाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मी एकदा मुद्दाम तिकडून गेलो. खाटेवर भाऊ, बाजूला बहीण मेथी निवडत बसलेली, आणि ओसरी रिकामी. आठवडे बाजाराच्या दिवशीसुद्धा एकही रुग्ण नव्हता. धंदा बसला, तसा ताब्यात रस उरला नाही. कोर्टाचा निकाल लागायच्या आतच चेल्यांनी ऑटोत सामान भरले. बाईंनी स्वयंपाकघर धुऊन काढले आणि पहिला चहा केला तो आमच्या शिपायाला दिला.

बदलीचा हुकूम आल्यावर मी निरोप घ्यायला गेलो. जाताना भाऊंना विचारलेच, "एवढी शिकलेली बहीण सांगत होती, तिचे का ऐकले नाही?"

 ते म्हणाले, "साहेब, डॉक्टरनं माही साखर पाह्यली. पोरानं फोनवर विचारलं, सुई घेतली का. बाईनं रागं भरलं. तिघंही खरेच होते. पण त्या माणसानं मले विचारलं, भाऊ, कुठं दुखते? अन् हात ठेवला."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकले.

भोंदू माणसाचा मला आजही राग येतो, आणि कायद्याने त्याला धरावेच, या मताचा मी आहे. पण कुलूप तोडून असली माणसे निघत नाहीत, हे मी त्या घरात शिकलो. ती आपण मोकळ्या सोडलेल्या जागेत शिरतात. उरलेल्या नोकरीत म्हातारा माणूस ठाण्यात आला की तक्रार लिहून घेण्याआधी मी त्याला बसवून विचारत असे, "बोला बाबा, काय त्रास हाय?" आणि तो बोलेस्तोवर पेन उचलत नसे.