मी ‘ओढा’ म्हटलं होतं

आमच्या घरामागचं वाळलेलं कडूलिंबाचं झाड पाडायला मला एक सकाळ पुरली. त्यासोबत बायकोचं सैपाकघरही पडलं, पण ते ठरलेलं नव्हतं.

ही गोष्ट मी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. लग्नात सांगितली, तेरवीत सांगितली, एस.टी.त अनोळखी माणसाला धरून सांगितली. दर वेळी थोडी माझ्या बाजूनं वळवून सांगितली. घरी सांगितली की बायको, गिरजा, आतून दुरुस्ती करायला हजर राहायची. “खोटं! वारा बिलकुल नव्हता!” “खोटं! दोर चांगला होता, अक्कल कच्ची होती!” लोक माझ्या गोष्टीला कमी आणि तिच्या दुरुस्तीला जास्त हसायचे. गेल्या पौषात ती गेली. आता चूक काढायला कोणी नाही, म्हणून सगळं खरं लिहावं लागून राहिलं. (शिक्षण माझं चौथी पास. तेही गुरुजींना माझा कंटाळा आला म्हणून. अक्षराला हसू नका.)

आमचं गाव घाटंजीपासून बैलगाडीनं दोन तास. छप्पन साली आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. राज्य वेगळं झालं तसा मीही थोरल्या भावापासून, दादापासून, वेगळा निघालो. वाट्याला आली एक खोली, मागची बाडी, आणि बाडीत उभा असलेला कडूलिंब.

लग्नानंतर पाच वर्षं गिरजा सासूच्या चुलीवर रांधत होती. तिखट किती टाकायचं, आधी कोणाला वाढायचं, सगळं दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहून. वेगळं निघाल्यावर तिनं सोनं मागितलं नाही, लुगडं मागितलं नाही.

“मले माही चूल पाह्यजे,” म्हणाली.

“बांधू ना वं, पुढच्या साली.”

ती पुढच्या सालापर्यंत थांबली नाही. नाल्यावरून टोपल्यानं माती आणली, गव्हाचं कुटार मिसळून पायांनी तुडवली, आणि खोलीला लागून हात-हात भिंत उचलत गेली. एक थर वाळला की वर दुसरा. छपरावर कवेलू मी चढवले. (तेवढंच. नंतर मी चारचौघांत ‘आम्ही बांधलं’ म्हणायचो, तर ती माझ्याकडं नुसती पाहायची.) भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा दिला, चुलीला हळदकुंकू वाहिलं, आणि पहिल्या दिवशी दार लोटून एकटीच आत बसली. मी फटीतून पाहिलं. काही रांधत नव्हती. नुसती बसली होती.

त्या सैपाकघरापासून कडूलिंब चार हातांवर. त्याच साली त्याच्या मुळाला उधई, म्हणजे वाळवी, लागली. पाडवा आला, गावातले सगळे लिंब हिरवे झाले, आमचा मात्र हाडांच्या सापळ्यासारखा उभा. गुढीला पालासुद्धा दादाच्या दारचा आणावा लागला! बुंध्याशी रोज मूठभर भुसा सांडायचा, आणि झाड हळूहळू सैपाकघराकडं कलत चाललं.

“अवो, थे झाड पाडा.”

“पाडतो ना.”

“कधी?”

“पाडतो म्हटलं ना वं!”

असे दोन महिने गेले. शेवटी घाटंजीच्या बाजारात तिनंच करीम मिस्त्रीला निरोप दिला. करीम मिस्त्री म्हणजे त्या भागातला नावाजलेला आरेवाला. ते रविवारी आले, झाडाभोवती तीनदा फिरले, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खोडावर टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

“भैया, इसको हात मत लगाना,” ते मला म्हणाले. “हरा झाड गिरने के पहले आवाज करता है. ये सूखा है, बोलेगा नहीं, सीधा टूटेगा. ऊपर से एक एक फांदी काट के रस्सी से उतारना पडता. मैं गुरुवार को आता.” मग गिरजाकडं वळून, “भाभी, तब तक चूल्हा बाहर लगाव.”

मला हे लागलं. झाड माझं, बायको माझी, आणि हुकूम करून राहिला तिसराच! मी पारावर जाऊन सांगून टाकलं, “मिस्त्री कायले पाह्यजे? वाळलं लाकूड थे. उद्या सकाळी पाडतो, या सगळे.”

माझी योजना अशी होती. (योजना हा शब्द तेव्हा नवा होता, सरकार रोज वापरायचं, म्हणून मीही वापरला.) झाडाच्या शेंड्याला दोन दोर. पुढचा दोर मोकळ्या बाडीकडं, तो दादा आणि तीन गडी ओढणार. मागचा दोर सैपाकघराच्या पलीकडं, तो शेजारचा सदाशिव आणि त्याचा साळा ताणून धरणार, म्हणजे झाड एकदम कोसळायचं नाही. बुंध्यावर कुऱ्हाड मी चालवणार. झाड हललं की पुढच्यांना म्हणायचं ‘ओढा’, आणि मागच्यांना म्हणायचं ‘सोडा’.

गिरजानं हे ऐकलं. “अवो, ओढा अन् सोडा दुरून सारखंच ऐकू येते. एक शब्द बदला.”

“तुले काय समजते दोराचं?”

“दोराचं नाही समजत. दादाले डाव्या कानानं ऐकू येत नाही, थे समजते.”

“तू भाकरी टाक. लोकायले भूक लागन.”

म्हणजे मी तिला कुठं पाठवलं? त्याच सैपाकघरात! मिस्त्रीनं ज्याच्यात चूल पेटवू नको म्हटलं, त्याच्यात मी तिला भाकरी टाकायला बसवलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सांगताना गाळायचो. आणि आतून बारीकसारीक दुरुस्त्या करणारी ती, एवढी एक दुरुस्ती तिनं कधीच केली नाही.

दोर चढवायला दगड बांधून फेकला. पहिला दगड सदाशिवच्या कवेलूवर पडला. दुसरा दादाच्या बैलाच्या पाठीवर पडला, बैल खुंटा उपटून पऱ्हाटीच्या ढिगात घुसला. तिसऱ्याला एक दोर अडकला, चौथ्याला दुसरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मुंडासं नीट केलं!

मग कुऱ्हाड घेतली. पहिल्याच घावाला पातं असं आत गेलं, जसं लोण्यात. मला वाटलं, काय ताकद आहे माझी! (ताकद उधईची होती.) पाचव्या घावाला झाड हललं. काडीचा आवाज नाही. मिस्त्री म्हणाले होते तसं, एक शब्द बोललं नाही ते.

मी ओरडलो, “ओढा!”

दादाला ऐकू आलं ‘सोडा’. दादानं दोर सोडून दिला. दादानं सोडला म्हणून त्याच्यासोबतच्या तिघा गड्यांनीही सोडला. मोठ्या माणसाच्या पुढं कोण जाईल? आणि सदाशिव! त्याला मात्र बरोबर ऐकू आलं, ‘ओढा’. सदाशिव म्हणजे रुतलेली बैलबंडी एकट्यानं चिखलातून काढणारा माणूस. त्यानं आणि त्याच्या साळ्यानं पाय रोवले आणि जीव लावून ओढलं. थेट सैपाकघराकडं!

“अरे सोडा! सोडा!”

“सोडला ना बे शाम्या!” दादा खेकसला. “किती खेपा सोडू?”

पलीकडून सदाशिव ओरडला, “ओढून राह्यलो ना भाऊ! घाई कायले करतं?”

झाड बुंध्यातून मोडलं आणि सैपाकघराच्या बरोबर मधोमध पडलं. शेंडा सदाशिवच्या पायापासून हातभर अंतरावर आला. सदाशिव दोर धरून उभाच, पैज जिंकल्यासारखा.

कवेलू फुटायचे थांबले, आणि मग नुसती धूळ. आत गिरजा होती.

मला तिला हाक मारायची होती, आणि माझ्याजवळ हाक नव्हती! पाच वर्षांत मी तिला ‘ऐकलं का’ आणि ‘कुठं गेली वं’ यापलीकडं काही म्हटलं नव्हतं. थोरल्या भावादेखत बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मी तोंड उघडलं, तर सवयीनं तेच निघालं.

“ऐकलं का?”

पडलेल्या भिंतीला विचारलं मी, ऐकलं का! मग काय झालं मला ठाऊक नाही. दादासमोर, सदाशिवच्या साळ्यासमोर, साऱ्या गावासमोर गळा फाटेपर्यंत ओरडलो, “गिरजे! गिरजे वं!” आणि दोन्ही हातांनी कवेलू उपसून फेकायला लागलो.

मागून आवाज आला, “कायले बोंबलून राह्यले? मी इथं हाय.”

ती माझ्या पाठीमागं उभी. दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ. जेवायला किती जण आहेत, भाकरी किती टाकायच्या, हे मोजायला ती बाहेर आली होती. सहा मोजून झाले होते. सातवा मी खोडाआड होतो, दिसत नव्हतो, म्हणून ती दोन पावलं बाजूला येऊन वाकून पाहत होती. साऱ्या संसारात मी तिच्या एवढाच काय तो कामी आलो. दिसलो नाही म्हणून!

दादा जवळ आला. “शाम्या, सोडा काहून म्हटलं बे तू?”

“मी ओढा म्हटलं!”

“सोडा म्हटलं.”

“ओढा म्हटलं दादा, आईची आण!”

हा वाद दादा जाईपर्यंत चालला. शेवटच्या दुखण्यात पाणी पाजायला गेलो, तर पाणी पिऊन म्हणाला, “सोडाच म्हटलं होतं.”

गिरजा वादात पडली नाही. तिनं रडावं, मला शिव्या द्याव्या, अशी मी वाट पाहत उभा होतो. ती ढिगाऱ्याजवळ गेली. भिंतीचं एक ढेकूळ उचललं. त्यावर पोताऱ्याचे, तिच्याच चार बोटांचे वळ होते. ते तिनं पदरानं पुसलं, आणि मग ते कुठं ठेवावं हे तिला समजेना. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पुन्हा होतं तिथंच ठेवून दिलं.

“सात जण हाय ना?” म्हणाली. “दादाच्या घरून भाकरी घेऊन येतो.”

आणि सासूच्या चुलीकडं चालू लागली. तिची पाठ मी पाहत राहिलो. इतक्या वर्षांत कोणी मला एवढ्या जोरात मारलं नाही.

गुरुवारी करीम मिस्त्री आले. रागावले नाहीत. आधी मोडक्या भिंतीवर टेकलेल्या खोडाला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, माणसं लांब उभी केली, मग शेंड्याकडून एक एक तुकडा काढला. शब्द दोनच वापरले, ‘खींचो’ आणि ‘ढील’. दादालासुद्धा समजले! जाताना मला म्हणाले, “भैया, हिंदी में गिराते तो रसोई बच जाती.”

सगळे हसले. मीही हसलो. गिरजा हसली नाही. महिनाभर हसली नाही.

मी म्हटलं, “चाल, पुन्हा बांधू.”

“मी एकडाव बांधलं. आता तुम्ही बांधा.”

तिनं टोपलंही उचललं नाही. सूप घेऊन बाजेवर बसायची, ज्वारी पाखडायची आणि पाहायची. मी माती तुडवली, भिंत उचलली. पहिली भिंत तिरपी झाली, दुसरी तिला पाहून तिरपी झाली. मिठाची बरणी ठेवायला एक कोनाडा केला, झकास, कोपरे घोटून. वाळल्यावर लक्षात आलं की तो माझ्या डोक्याच्या वर आहे, आणि गिरजा माझ्या छातीएवढी! माप घेताना तिला एकदा उभं करावं, हे मला सुचलंच नव्हतं. रांधणार ती, आणि कोनाडा माझ्या हातानं!

ती कोनाड्याखाली उभी राहिली. हात वर केला. टाचा उचलल्या. पुरला नाही. आणि मग ती हसायला लागली. महिन्याभराचं हसली, भिंतीला टेकून खाली बसली, डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं होतं की नाही, मी विचारलं नाही.

“फोडून खाली करतो,” मी म्हटलं.

“हात लावू नोका. राहू द्या.”

तेव्हापासून दोन्ही वेळेला हाक यायची, “अवो, मीठ!” मी बैल अर्धे सोडून यायचो, दाढी अर्धी टाकून यायचो, रंगात आलेली गोष्ट तोडून यायचो. “बरणी खाली ठेवत जा ना वं!” “कायले? तुम्ही हाय ना.” पन्नासच्या वर वर्षं. मुलगी उमरखेडला दिली, मुलगा यवतमाळला गेला, चुलीच्या जागी गॅस आला. मुलानं सिमेंटची भिंत घालू म्हटलं, तर तिनं त्याला जेवायला वाढलं आणि विषय काढू दिला नाही.

आता मीच रांधतो. पौषापर्यंत माझा हात कोनाड्याला बरोबर पुरायचा. आता पुरत नाही. पाठ वाकली म्हणून, की कोणी हाक मारत नाही म्हणून, ते मला समजत नाही. पाटावर उभं राहून बरणी खाली घ्यायची, दोन मिनिटांचं काम आहे. घेतली नाही. वरण अळणी खातो, भाजी अळणी खातो.

मागच्या महिन्यात मुलानं घाटंजीच्या डाक्टरकडं नेलं. मी अळणी जेवतो हे मुलानं सांगून टाकलं. डाक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि एकदम खूश झाला. “आजोबा, या वयात ब्लडप्रेशर इतकं चांगलं! मिठाचं पथ्य एवढं कडक कसं काय पाळता? जरा या बाहेरच्या लोकांना सांगा.”

बाहेरच्या बाकावर दहाबारा म्हातारे माझ्याकडं पाहून राहिले होते. वाकल्या पाठीतून जेवढी निघते तेवढी छाती काढली, आणि म्हटलं, “मनाचा निश्चय पाह्यजे, बाप्पा! मनाचा निश्चय!”